धूर गेला, घरघर आली

बुलढाणा जिल्ह्यातला माणूस आपला जिल्हा दोन भागांत सांगतो : घाटावरचा आणि घाटाखालचा. अजिंठ्याच्या डोंगररांगेने ही वाटणी केली आहे. चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा घाटावर. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव घाटाखाली. जमीन, पाणी, उन्हाळा या सगळ्यांत दोन्हीकडे फरक आहे. जुनी घरे मात्र पुष्कळशी एकाच पद्धतीची. जाड मातीच्या भिंती, लाकडी तुळया, त्यांवर फळ्या किंवा काड्या, त्यांवर मातीचा जाड थर आणि सर्वांत वर पाणी न झिरपणारी पांढरी माती. हे धाबे. मे महिन्यात घाटाखाली पारा पंचेचाळिसाच्या आसपास जातो तेव्हा अशा घरात शिरल्यावर जो गारवा लागतो, त्याची सर सिमेंटच्या छताला येत नाही.

पण धाब्याला एक अडचण आहे. कोकणातल्या कौलारू किंवा गवती छपरातून चुलीचा धूर फटीफटींतून झिरपत बाहेर पडतो. धाबे वरून बंद. म्हणून चुलीच्या जवळपास धाब्याला एक भोक ठेवत. त्याला कुठे धुराडे म्हणतात, कुठे साणे, कुठे सवणे. त्यातून धूर वर जाई आणि दिवसा उजेडाचा एक कवडसा खाली येई. पावसाळ्यात मात्र त्यावर फरशी किंवा एखादे फुटके मडके झाकावे लागे. म्हणजे सरपण ओले, पऱ्हाट्या सर्दावलेल्या, गोवऱ्या धुपणाऱ्या, आणि नेमक्या त्याच दिवसांत धुराची वाट बंद!

हा धूर अगदीच निरुपयोगी होता असे नाही. त्याने डास हटत, तुळयांना कीड कमी लागे. बियाण्यासाठी राखलेली कणसे चुलीवरच्या आढ्याला टांगत ती याच कारणाने. पण तुळई ज्या धुराने काळी झाली, तोच धूर तिच्याखाली रोज तीन-चार तास बसणाऱ्या बाईच्या छातीतही जात होता. तुळईची काजळी दिसे. छातीतली दिसत नसे.

आम्हाला या लेखात सांगायची गोष्ट तशी लहान आहे. स्वयंपाकघरातला धूर बाहेर काढण्यासाठी माणसाने जी साधने केली, त्यांत धुराला ओढणारे यंत्र कोठे बसवले होते, एवढीच. आज शहरांत, आणि आता खामगाव-बुलढाण्यासारख्या गावांतही, ओट्यावर विजेची चिमणी दिसते. ती लावली की धूर जातो आणि तिची घरघर सुरू होते. परदेशांत, विशेषतः ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये, याच चिमणीची मोटार छपरावर किंवा बाहेरच्या भिंतीवर बसवण्याची पद्धत रुळली आहे. ओट्यावर राहते ती फक्त रिकामी टोपी. ही श्रीमंती हौस आहे असे प्रथम वाटते. इतिहास पाहिला की तसे वाटत नाही.

‘चिमणी’ या शब्दाचीही गंमत आहे. मराठीत चिमणी म्हणजे पाखरू, चिमणी म्हणजे रॉकेलची छोटी बत्ती आणि चिमणी म्हणजे धुराडे. शिवाय विजेच्या चिमणीचा नळ जिथे भिंतीबाहेर निघतो तिथे झडप बसवली नसेल, तर पहिल्या प्रकारची चिमणी त्यात घरटे करते आणि तिसऱ्या प्रकारची चिमणी बंद पडते.

घराच्या धाब्यावर साधे भोक होते त्या काळात बुलढाणा जिल्ह्यात उत्तम चिमण्या बांधल्याच जात नव्हत्या, असे मात्र नाही. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ साली नागपूरला पोहोचला. वऱ्हाडातल्या कापसाची मोठी बाजारपेठ असलेल्या खामगावला या मार्गाशी जोडण्यासाठी १८७० साली जलंबहून फाटा काढला गेला. त्या पाठोपाठ सरकी काढण्याचे आणि गाठी बांधण्याचे कारखाने वाढले. ते वाफेवर चालत. वाफेसाठी बॉयलर, आणि बॉयलरसाठी विटांची उंच चिमणी. ही चिमणी उंच बांधण्यामागे शेजाऱ्यांच्या फुप्फुसांची काळजी होती असे समजू नये. भट्टीला भरपूर हवा खेचून घ्यायची होती. उंच चिमणी हा धूर टाकायचा नळ असतोच, पण त्याआधी ते हवा ओढणारे यंत्र असते.

हे यंत्र कसे चालते हे नववी-दहावीच्या वर्गात सहज सांगता येईल. चिमणीत गरम हवेचा एक खांब उभा असतो. बाहेर तेवढ्याच उंचीचा थंड हवेचा खांब असतो. थंड हवा जड, गरम हवा हलकी. दोन खांबांच्या वजनांत जो फरक, तो खालच्या तोंडाशी दाबाच्या रूपाने मिळतो. बाहेरच्या हवेची घनता, गुरुत्वत्वरण आणि चिमणीची उंची यांचा गुणाकार करायचा. मग बाहेरच्या तापमानाला आतल्या तापमानाने भागून तो भागाकार एकातून वजा करायचा आणि त्याने गुणायचे. तापमाने केल्विनमध्ये घ्यायची, हे विद्यार्थी हमखास विसरतात.

बाहेर ३० अंश सेल्सिअस आणि चिमणीत २५० अंश असेल, तर ३० मीटर उंचीच्या चिमणीला सुमारे १४५ पास्कल ओढ मिळते. हीच रीत घरच्या चुलीला लावू. चुलीला बंदिस्त नळी जोडली, ती तीन मीटर उंच आहे, आत सरासरी १५० अंश. ओढ मिळते सुमारे १० पास्कल, म्हणजे पाण्याचा जेमतेम एक मिलिमीटर उंचीचा दाब. आकडा क्षुल्लक दिसतो, पण चुलीचा धूर न्यायला तो पुरतो. हे यंत्र चालते चुलीच्याच वाया जाणाऱ्या उष्णतेवर. त्याला पाती नाही, वंगण नाही, वीज नाही, आणि आवाज नाही. ओढ निर्माण करणारा हवेचा खांब स्वयंपाक करणाऱ्या माणसाच्या कानाशी नसून वर छपराबाहेर गेलेल्या नळीत उभा असतो. मोटार घराबाहेर ठेवण्याची कल्पना म्हणायची तर इथपासूनची आहे.

मग जी विद्या गावाबाहेरच्या जिनात होती ती गावातल्या चुलीपर्यंत का पोहोचली नाही? विटांची चिमणी महाग, हे एक कारण. धाब्याला भोक वाढवले की तिथून गळती सुरू होते, हे दुसरे; आणि माळवदाच्या घरात गळतीइतकी धास्ती कशाचीच नसते. पण आमच्या मते मुख्य कारण वेगळे आहे. बॉयलरला ओढ मिळाली नाही तर मालकाचा तोटा होई आणि तो त्याच दिवशी वहीत दिसे. चुलीला ओढ मिळाली नाही तर जो तोटा होई, तो लिहिण्याची कोणाकडे वहीच नव्हती.

आपल्याकडे स्वयंपाकघराच्या धुराचा विचार नेटाने झाला तो याच लोहमार्गावर, थोडे पुढे, वर्ध्याला. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. मगनवाडी हे त्याचे ठाणे आणि जे. सी. कुमारप्पा हे त्याचे चिटणीस. तेलघाणी, हातकागद, गूळ यांबरोबर तिथे चुलीवरही काम झाले आणि १९४० च्या दशकात ‘मगन चूल’ पुढे आली. आपल्या जुन्या चुलीला शेजारी वैल असते. चुलीतून निसटणारी आच तिकडे जाते आणि तिच्यावर वरण किंवा दूध गरम राहते. मगन चुलीत हीच युक्ती पुढे नेली होती. एका बंदिस्त मातीच्या धडात ओळीने भांड्यांची तोंडे, आणि शेवटी धूर वर नेणारी नळी. आच वाटेत भांड्यांना उष्णता देत जाते आणि उरलेली उष्णता नळीत ओढ निर्माण करते.

त्यानंतर हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत डॉ. एस. पी. राजू यांनी अशाच बांधणीची, हवा कमी-अधिक करण्यासाठी झडप असलेली चूल तयार केली आणि १९५३ साली निर्धूर स्वयंपाकघरावर पुस्तक लिहिले. तेव्हाच्या हैदराबाद राज्यात मराठवाडा होता, आणि बुलढाणा जिल्ह्याची दक्षिण सीमा त्याला भिडलेली होती. म्हणजे जिल्ह्याच्या पूर्वेला एक निर्धूर चूल होती आणि दक्षिणेला दुसरी.

धुराने नेमके काय होते याची वही उघडली गेली ती त्यानंतर. दिल्लीत हृदयरोगतज्ज्ञ डॉ. एस. पद्मावती आणि त्यांचे सहकारी पाठक यांनी १९५९ साली फुप्फुसाच्या आजारामुळे हृदयाची उजवी बाजू थकलेल्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हा आजार धूम्रपान करणाऱ्या पुरुषांचा समजला जाई. इथे तर विडी-सिगारेट न ओढणाऱ्या बायकाही जवळजवळ तितक्याच संख्येने दिसत होत्या, आणि तेही कमी वयात. संशय चुलीवर गेला. १९८१ साली अमेरिकन शास्त्रज्ञ कर्क स्मिथ यांनी अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसाय आरोग्य संस्थेतील अग्रवाल आणि त्यांचे सहकारी दवे यांच्यासमवेत गुजरातमधल्या चार खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावरच धूलिमापक लावले. स्वयंपाकाच्या वेळी त्यांच्या श्वासात जाणाऱ्या हवेत घनमीटरमागे सुमारे ७ मिलिग्रॅम कण निघाले. ज्या शहरांच्या हवेला आपण वाईट म्हणतो, तिथेही हा आकडा मिलिग्रॅमच्या अंशांत असतो. पुढे २०१७ सालच्या अंदाजानुसार घरातल्या धुरामुळे भारतात त्या एका वर्षात सुमारे ४ लाख ८० हजार मृत्यू झाले.

डिसेंबर १९८३ पासून सरकारने राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम हाती घेतला. तो २००२ पर्यंत चालला आणि साडेतीन कोटींच्या आसपास चुली वाटल्या किंवा बांधल्या गेल्या. त्या वर्षांत खेड्यावर नोकरी केलेल्या शिक्षकांना पंचायत समितीच्या आवारात रचून ठेवलेल्या सिमेंटच्या नळ्या आठवत असतील. पुण्याच्या आरती संस्थेने, म्हणजे समुचित ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेने, पुढे ‘लक्ष्मी’सारख्या चुलींचे साचे करून गावच्या कुंभारांना ते काम शिकवले, त्यात कारागीर गावातच असल्याने दुरुस्ती जवळ आली. तरी देशभर पाहता बहुसंख्य चुली फार टिकल्या नाहीत. कुठे नळीत काजळी साचून ओढ गेली, कुठे घरातले भांडे तोंडावर बसेना म्हणून बाईने तोंड फोडून मोठे केले आणि त्या फटीतून धूर परत घरात आला.

याचा सर्वांत काटेकोर हिशेब ओडिशातून मिळाला. २००६ पासून तिथल्या ४४ खेड्यांतल्या सुमारे २,६०० कुटुंबांवर एस्थर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन आणि रेमा हाना या अर्थशास्त्रज्ञांनी चिमणीच्या चुलींचा परिणाम चार वर्षे पाहिला. पहिल्या वर्षी बायकांच्या श्वासातला धूर खरोखर कमी झाला. नंतर तो फरक पुसला गेला. प्रयोगशाळेत जी चूल उत्तम होती ती घरात साफ केली जात नव्हती, दुरुस्त केली जात नव्हती, आणि हळूहळू वापरलीही जात नव्हती. बायका अडाणी म्हणून असे झाले, हा निष्कर्ष आम्हाला पटत नाही. जे साधन वापरणाऱ्यालाच रोजचा नवा जाच देते ते साधन बाजूला पडते, मग त्याचा फायदा कितीही मोठा असो. हे सूत्र पुढे विजेच्या चिमणीलाही लागू पडणार आहे, म्हणून ते इथे नोंदवून ठेवतो.

मधल्या काळात गॅस आला. १९५० च्या दशकात मुंबईत, १९६५ पासून इंडेनच्या रूपाने इतरत्र, आणि २०१६ च्या १ मेपासून उज्ज्वला योजनेतून खेड्यापाड्यांत. लाकडाचा धूर गेला, पण फोडणी राहिली. वाळलेल्या मिरचीचा खकाणा, तापलेल्या तेलाचे सूक्ष्म थेंब, भाकरी-पोळीच्या जळलेल्या पिठाचा धूर आणि गॅसच्या ज्योतीतून निघणारा नायट्रोजन डायऑक्साइड. शिवाय चुलीपुढे बसणारी बाई आता ओट्यापाशी उभी राहते. गरम धूर छताखाली थर करून साचतो. बसलेल्या माणसाचे डोके निदान त्या थराच्या खाली असे, उभ्या माणसाचे त्यातच जाते.

आता चिमणीचे गणित पुन्हा मांडू. गॅसच्या शेगडीवरचा धूर बंदिस्त नळीत जात नाही. तो मोकळ्यावर उठतो, खोलीतली भरपूर हवा त्यात मिसळते आणि वरच्या टोपीपर्यंत तो पोहोचतो तेव्हा त्याचे तापमान समजा ४० अंश उरते. तीन मीटरच्या नळीत अशा हवेला किती ओढ मिळेल? जेमतेम १ पास्कल. आणि तेल अडवणारी जाळी, नळाची वळणे, बाहेरची झडप यांतून तासाला पाच-सहाशे घनमीटर हवा न्यायची तर दाब लागतो शंभर पास्कलच्या घरात. आवाज न करणारे जुने यंत्र इथे हरते. पंखा आणि मोटार लागतेच.

हॉटेलांनी हे ओळखले तेव्हा मोटार कुठे ठेवायची याची त्यांना शंका नव्हती. मुंबई-नागपूर महामार्गावर मलकापूर ते खामगावच्या दरम्यान एखाद्या मोठ्या हॉटेलाच्या मागच्या बाजूला जाऊन पाहावे. भट्टीवरच्या पत्र्याच्या टोपीतून एक चौकोनी नळ भिंतीबाहेर निघतो, वर चढतो, आणि ब्लोअर गच्चीवर किंवा मागच्या भिंतीला असतो. घरातल्या चिमणीत मात्र टोपी, जाळी, पंखा आणि मोटार एकाच खोक्यात आली. याचे कारण भौतिकशास्त्रात नाही, दुकानात आहे. एक खोके विकायला सोपे, टेम्पोत न्यायला सोपे, आणि एका माणसाला दोन तासांत भिंतीवर टांगायला सोपे. बाहेरच्या मोटारीला गवंडी लागतो, वायरमन लागतो, छपरावर चढावे लागते. आणि इमारतीतला फ्लॅट असेल तर गच्ची सगळ्यांची असते.

त्यामुळे मोटार आली ती थेट स्वयंपाक करणाऱ्याच्या कपाळासमोर, शेगडीपासून पाऊण मीटर उंचीवर. अशा चिमणीचा आवाज सामान्यतः ५८ ते ६० डेसिबलच्या आसपास सांगितला जातो. हा आकडा समजून घ्यायला हवा. हातभर अंतरावर दोन माणसे सहज बोलतात तो आवाजही साधारण ६० डेसिबलचा असतो. म्हणजे चिमणी कान फोडत नाही, पण बोलणे झाकून टाकते. स्वयंपाक तर अर्धा कानांनी करायचा असतो. मोहरी तडतडली का, कुकरची शिट्टी दुसरी झाली की तिसरी, दूध उतू जाण्याआधीची सुरसुर, पाळण्यातले रडणे, दारावरची थाप. या सगळ्यांवर एकसुरी घरघरीचे पांघरूण पडते. मग काय होते हे ज्यांच्या घरी चिमणी आहे त्यांना ठाऊक आहे. फोडणी देताना चालू, फोडणी झाली की बंद. कोणाचा फोन आला की बंद. पाहुणे आले की बंद.

हा केवळ आपल्याकडचा अनुभव नाही. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने कॅलिफोर्नियातल्या घरांची पाहणी केली, तेव्हा चिमणी असून न वापरण्याच्या कारणांत आवाज हे ठळक कारण निघाले. त्याच प्रयोगशाळेत डेल्प आणि सिंगर यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत आणखी एक कोंडी दिसली. ज्या चिमण्या धूर चांगला पकडत, त्यांच्या आवाजात साधे संभाषण अवघड होई; आणि ज्या शांत होत्या, त्या पुढच्या शेगडीचा बराचसा धूर सोडून देत. सर्वच चिमण्यांना मागची, भिंतीलगतची शेगडी सोपी जाई. (आपल्याकडे दोन शेगड्या शेजारी-शेजारी असतात. शेगडी ओट्याच्या कडेला न ठेवता भिंतीकडे सरकवली तरी फरक पडतो, आणि याला खर्च शून्य.)

अमेरिकेतल्या घरांच्या वायुवीजनाच्या मानकात, २००३ पासून, पंख्याच्या आवाजालाच मर्यादा घातली गेली. ती डेसिबलमध्ये नाही, ‘सोन’ या एककात आहे. मानसशास्त्रज्ञ एस. एस. स्टीव्हन्स यांनी १९३६ साली सुचवलेले हे एकक कानाला जाणवणारा मोठेपणा मोजते : १,००० हर्ट्झचा, ४० डेसिबलचा ध्वनी म्हणजे एक सोन, दुप्पट मोठा वाटेल तो दोन सोन. डेसिबलमध्ये दर दहाच्या वाढीला आवाज साधारण दुप्पट वाटतो, हे लक्षात घेतले की दोन्ही मापांचा मेळ बसतो. सतत चालणाऱ्या पंख्याला १ सोन आणि गरजेपुरत्या चालणाऱ्याला ३ सोन अशी ती मर्यादा. यात एक सूट आहे. पंखा राहत्या खोल्यांच्या बाहेर असेल आणि पंखा व तोंड यांच्यामध्ये किमान चार फूट नळ असेल, तर आवाजाची अट लागू नाही. मोटार कुठे आहे याला नियमाच्या पुस्तकात असे स्थान मिळाले.

पण मोटार बाहेर नेली म्हणजे शांतता झाली, असे समजणे भाबडेपणाचे आहे. विद्यार्थ्यांना इथे एक छान प्रश्न विचारता येईल. नळातली हवा स्वयंपाकघरातून मोटारीकडे धावते आहे. मग मोटारीचा आवाज त्या वाऱ्याच्या विरुद्ध उलट आत कसा येतो? उत्तर वेगांच्या तुलनेत आहे. हवा सेकंदाला पाच-दहा मीटर जाते, ध्वनी सुमारे ३४० मीटर. नदीच्या संथ प्रवाहाविरुद्ध जशी वेगवान मोटारबोट सहज येते तसा ध्वनी नळातून परत येतो. त्याला अडवायला नळात एक ध्वनिशोषक तुकडा बसवावा लागतो : सच्छिद्र पत्रा आणि त्यामागे खनिज लोकरीचा थर. तेलकट हवेने ही लोकर भरते, म्हणून तो तुकडा जाळीच्या पलीकडे आणि उघडून पाहता येईल असा हवा.

दुसरा आवाज मोटारीचा नसतोच, तो वाऱ्याचा असतो. तासाला ६०० घनमीटर हवा १५० मिलिमीटर व्यासाच्या नळातून न्यायची तर तिचा वेग सेकंदाला ९.४ मीटर होतो. २०० मिलिमीटरच्या नळात तो ५.३ मीटर. नळ थोडा रुंद केला की वळणावरची फुसफुस पुष्कळ उतरते. जी घडीची, सुरकुतलेली नळी सर्रास वापरतात ती आतून खडबडीत असते आणि वळणावर चेपते. तिच्यामुळे दाबही वाया जातो आणि आवाजही वाढतो. तिसरी गोष्ट पंख्याच्या गतीची. त्याच पंख्याची गती निम्मी केली तर हवा निम्मी होते, पण आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. म्हणून लहान पंखा वेगाने फिरवण्यापेक्षा मोठा पंखा संथ फिरवणे शहाणपणाचे. ओट्यावरच्या खोक्यात मोठ्या पंख्याला जागा नसते, छपरावर असते. मोटार बाहेर नेण्याचा खरा लाभ, आमच्या मते, अंतरापेक्षा या मोकळ्या जागेत आहे.

आणखी एक लाभ सहसा कोणी सांगत नाही. पंखा टोपीत असेल तर तो नळात धूर ढकलतो; सांध्याला फट असेल तर तिथून धूर घरात येतो. पंखा नळाच्या बाहेरच्या टोकाला असेल तर सगळा नळ शोषणाखाली राहतो आणि फटीतून घरातली हवाच आत ओढली जाते.

तोटेही आहेत. टिनाच्या छपरावर मोटार थेट आवळून बसवली तर ते छप्पर नगाऱ्यासारखे वाजते. खाली रबरी गाद्या आणि नळाला मधे लवचीक जोड दिलाच पाहिजे. घाटाखालच्या उन्हात मोटारीच्या वेष्टनाची आणि वंगणाची कसोटी लागते. आणि आपल्या घरातून गेलेली घरघर कुठेतरी जातेच. दोन घरांमधली बोळ चार फुटांची असेल तर ती शेजाऱ्याच्या माजघरात जाते.

या सगळ्याचा शाळेशी संबंध नाही असे कोणाला वाटेल. पण १५ ऑगस्ट १९९५ रोजी शालेय पोषण आहाराची केंद्रीय योजना सुरू झाली आणि २८ नोव्हेंबर २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर शिजवलेले अन्न देणे बंधनकारक झाले, तेव्हापासून चूल किंवा शेगडी शाळेच्या आवारात आली आहे. खिचडी शिजवणाऱ्या ताई भल्या मोठ्या पातेल्यावर वाकून रोज उभ्या असतात. किचन शेड पुष्कळदा वर्गाच्या भिंतीला लागून असते. तिथे वारा वर्गाकडे असेल त्या दिवशी तिसऱ्या तासाला पाठातल्या शब्दांपेक्षा मिरचीचा ठसका जास्त पोहोचतो. गावाने वर्गणी काढून एक्झॉस्ट पंखा बसवला, तर तो बहुधा सोयीच्या भिंतीत बसतो, म्हणजे वर्गाच्या खिडकीशेजारी. मग शिक्षक तो बंद करायला सांगतात, आणि ताई पुन्हा धुरात.

पंखा घेण्याआधी एक दुपार मुलांना कामाला लावावे. शेडमध्ये पातेले चढलेले असताना उदबत्ती पेटवून तिचा धूर कुठे वळतो ते पाहायचे : दाराशी, खिडकीशी, छताखाली आणि ताईंच्या चेहऱ्याच्या उंचीवर. चार कागदांवर चार बाण काढून घ्यायचे. मग समोरासमोरची दार-खिडकी उघडी आणि बंद ठेवून तेच पुन्हा. बाहेर जाणाऱ्या हवेइतकी हवा आत यायला वाट नसेल तर कोणताही पंखा गुदमरतो, हे बाण बदललेले पाहून मुलांना न सांगता कळते. मोबाइलवरच्या डेसिबल मोजणाऱ्या अ‍ॅपचे आकडे अगदी अचूक नसले तरी तुलनेला चालतात. वर्गात मधल्या बाकावर, खिडकीशी आणि शेडच्या मागच्या मोकळ्या बाजूला, अशा तीन जागी मोजावे. कोणत्या भिंतीला भोक पाडायचे आणि मोटार तिच्या कोणत्या बाजूला टांगायची, हे गवंडी येण्याआधी या कागदांवरून ठरवता येते. भोक पाडण्याच्या दिवशी ताईंनाही विचारावे. वारा कोणत्या महिन्यात कुठून येतो हे त्यांच्या डोळ्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असते.